राजाच्या शौचकूपाचा सरदार

"मुजरा नको! अरे गाढवा, मुजरा नको!" काका बेसमेंटच्या जिन्यावरून ओरडत होते. "तो इंग्रजांचा राजा आहे, साताऱ्याच्या गादीवर नाही बसलेला! गुडघा टेक! एकच! दोन टेकलेस तर नवस फेडायला आल्यासारखा दिसतोस!"

मी एक गुडघा टेकला. पण माझा उजवा हात ऐकेना. समोर राजा दिसला की तो आपोआप जमिनीकडे जायचा आणि तिथून कपाळाकडे. नागपूरच्या शाळेत गॅदरिंगमध्ये लागलेली सवय, ती काय न्यू जर्सीत सुटणार?

आमच्या नाटकातला राजा किरमिजी मखमल घातलेल्या पिकनिकच्या आइस बॉक्सवर बसला होता. मूळचा पुण्याचा, त्यामुळे त्याला राजाचा वेगळा अभिनय करावा लागत नव्हता. तो म्हणाला, "काका, याला वाकवा नाहीतर याचं मुंडकं उडवा, पण लवकर. माझ्या मांडीला मुंग्या आल्यात."

"तुला कोणी विचारलं?" काका गरजले.

काकांच्या आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो. ते बेसमेंटमध्ये ओरडले की बॉयलरची ज्योत विझायची. एकदा शेजारच्या म्हातारीला वाटलं वादळाचा भोंगाच वाजला. ती उशी घेऊन, तिकडे वादळात करतात तशी, बाथटबमध्ये जाऊन झोपली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण इतकी वर्षं मी हे इतक्या लोकांना सांगितलंय की आता ते खरं झालेलं आहे.

साल दोन हजार दोन. गाव पिस्कॅटवेच्या जवळचं. आणि मी तेव्हा बेंचवर होतो. बेंच म्हणजे काय ते हल्लीच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. कंपनी तुम्हाला विमानात घालून आणायची, एका अपार्टमेंटमध्ये कोंबायची, आणि कोणी गिऱ्हाईक मिळेपर्यंत तुम्ही तिथे वाट बघत बसायचं. त्या वर्षी गिऱ्हाईक नावाचा प्राणी अमेरिकेतून नामशेष झाला होता. आमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही दहा जण होतो. ही अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती करतो तेव्हा मी वीस म्हणतो. एक बाथरूम, एक कुकर, आणि फोन वाजला की दहाही जण त्यावर झेप घ्यायचे. रिकाम्या दिवसांत मी एकच गोष्ट करायचो: इंडियन ग्रोसरीच्या दुकानात जाऊन बोलत उभा राहायचो.

असाच एकदा भाजीच्या कपाटापाशी मी चार अनोळखी माणसांना सांगत होतो की आमच्याकडे संत्री एवढी मोठी होतात, की लग्नात एक सोललं की वऱ्हाड जेवून उठतं आणि सालीत पोरांना आंघोळ घालतात. मागून कोथिंबिरीची जुडी हातात धरलेले एक उंच, टक्कल असलेले गृहस्थ पुढे झाले.

"नाटकात काम केलंयस का?"

"केलंय ना! महाराजांची भूमिका केलीय. दहा हजार लोकांसमोर."

खरं म्हणजे मी मावळा होतो. पडदा उघडताच मरणारा.

"खोटं बोलतोस," ते म्हणाले. "पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलतोस. राहतोस कुठे? तुझी बॅग घे आणि गाडीत बस."

आता परक्या देशात परका माणूस गाडीत बस म्हणतो तेव्हा शहाण्या माणसाने काय करावं हे मला ठाऊक होतं. मी बसलो. दहा जणांत एक बाथरूम असलं की माणूस कोणाच्याही गाडीत बसतो.

दार काकूंनी उघडलं. बुटक्या, गोऱ्या, चष्मा केसांवर चढवलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हे काय आणलंत?"

"सरदार आणलाय."

"जेवलाय का सरदार?"

अमेरिकेत उतरल्यापासून मला जो भेटला त्याने व्हिसा कुठला, स्किल कुठलं, एवढंच विचारलं होतं. जेवलास का, हे कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि त्यानंतर तीन माणसांचं जेवलो. गोडा मसाला घातलेली ब्रोकोलीची भाजी होती. जगात याहून वाईट भाजी नसेल, आणि आज कोणी माझ्यासमोर पंचपक्वान्नांचं ताट आणि ती भाजी ठेवली तर मी भाजी उचलीन.

काका सर्जन होते, नुकतेच रिटायर झालेले. कसले सर्जन, ते ते स्वतःच पहिल्या घासाला सांगायचे: "मूळव्याध, भगंदर आणि त्या परिसरातलं सगळं." सत्तर सालच्या सुमाराला मुंबईहून आले आणि तेव्हापासून अर्धी जर्सी त्यांनी पालथी पाडली होती. मॉलमध्ये गोरे लोक त्यांना बघून लाजत हात करायचे. काका म्हणायचे, "याला चेहऱ्यावरून ओळखणं जरा अवघड जातंय."

आणि या माणसाने तीन अंकी नाटक लिहिलं होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी. नायक होता इंग्लंडच्या राजाचा एक दरबारी. राजा म्हणजे तोच तो जाडा, सहा बायका केलेला. आणि या दरबाऱ्याचं काम होतं राजाला संडासला बसवणं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा माझी खेचतोय.

"हसतोस काय?" काका पळी तलवारीसारखी धरून म्हणाले. "दरबारात या हुद्द्यासाठी रांगा लागायच्या, रांगा! मखमलीने मढवलेली पेटी, आत भांडं. राजाने बसायचं, आणि याने जवळ उभं राहायचं, पाणी द्यायचं, फडकं द्यायचं. आता विचार कर. राजाला एकटं कोण भेटतं? प्रधान नाही. सेनापती नाही. बायको तर नाहीच नाही. हा भेटतो. रोज. राजाचं पोट साफ आहे की नाही हे ज्याला ठाऊक, त्याला राजाचा मूड ठाऊक. म्हणून मोठमोठे उमराव याच्या दाराशी यायचे: माझा अर्ज तेवढा पुढे सरकवा, सरदार."

"म्हणजे आपल्याकडच्या मंत्र्याचा पीए," मी म्हणालो.

"बरोबर! फक्त याने कोणाला लुबाडल्याचं फारसं ऐकू येत नाही. शांत माणूस. बायको लवकर गेलेली, पदरी लहान मुलं. घोड्यावर पक्का. राजा याच्यावर एवढा खूश, की एकदा भाल्यांच्या खेळात याचा घोडा अडला तर राजाने स्वतःचा घोडा याला दिला. भर मैदानात! आणि त्याच दिवशी," काकांनी पळी वरणात बुडवली, "त्याच दिवशी राजा एकाएकी उठला आणि याला बरोबर घेऊन लंडनकडे निघाला. वाटेत घोड्यावरूनच म्हणाला, तुझं आणि राणीचं सूत आहे. कबूल कर, तुला सोडतो."

"होतं का?"

"नव्हतं! राजाला दुसरी बायको करायची होती, म्हणून ही नको होती. त्यासाठी खोटं बोलणारा माणूस पाहिजे होता. याने एक वाक्य बोलायचं होतं. एक! घर, मुलं, जमीन, जीव, सगळं वाचलं असतं. नाही बोलला. कुऱ्हाडीखाली मान दिली. मग राणीचंही मुंडकं उडवलं."

काकू भाकरी वाढत म्हणाल्या, "आणि पुढचं सांगा की. चांगलं तेवढं राहून जातं तुमचं."

"हां. त्या राणीची मुलगी पुढे स्वतः राणी झाली. तिने याच्या मुलाला शोधून दरबारात मान दिला. तुझा बाप माझ्या आईसाठी मेला, हे विसरली नाही ती."

मी विचारलं, "दिसायला कसा होता हा?" काका म्हणाले, त्याचं खात्रीचं चित्र कुठे उरलेलं नाही. मग माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणूनच तुझं तोंड चालेल."

या सगळ्यामागचं खरं कारण मला काकूंनी सांगितलं. आम्ही दोघं सिंकपाशी भांडी घासत होतो. डिशवॉशर होता, पण काकू त्यात पापडाचे डबे ठेवायच्या.

"हे नाटक यांच्या डोक्यातून नाही आलेलं," त्या म्हणाल्या. "आमच्या लेकीच्या पुस्तकातून आलंय."

त्यांची एकुलती एक मुलगी मेडिकल अर्धवट सोडून इतिहासाकडे गेली होती. आता बॉस्टनच्या बाजूला कुठल्याशा कॉलेजात शिकवत होती. त्या दरबाऱ्यावर आणि त्याच्या त्या विचित्र नोकरीवर तिने डॉक्टरेट केली होती. तिने घरी विषय सांगितला त्या दिवशी काका ओरडले होते.

"काय ओरडले?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "म्हणाले, राजांची ढुंगणं पुसणाऱ्यावर पीएचडी करणार? एवढं हलकं काम? त्यावर ती म्हणाली, बाबा, हे घर तरी कशावर उभं आहे?"

मला हसू फुटलं. काकू हसल्या नाहीत.

"इंग्लिशमध्ये म्हणाली. मराठीत म्हणाली असती तर कदाचित यांना एवढं लागलं नसतं. तेव्हापासून बोलणं बंद. मी बोलते, गॅरेजमध्ये गाडीत बसून. मग तिचं पुस्तक आलं. यांनी ते वर्षभर वाचलं. वाचून झाल्यावर फोन नाही केला. नाटक लिहायला बसले." त्यांनी परात माझ्या हातात दिली. "सॉरी म्हणून एक शब्द असतो, फुकट मिळतो. यांनी तीन अंक लिहिले."

"ती येणारे का नाटकाला?"

"'बघते' म्हणाली."

त्या दिवसापासून मला कळलं की मी कोणाला ऐकू जावं म्हणून काका माझ्यावर ओरडताहेत. शेवटची रांग, शेवटची रांग म्हणायचे ते सारखे. तिथे कोण बसणार होतं ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. येऊन बसली तर. आणि बसून राहिली तर.

अडचणी काय कमी होत्या? मंडळाचे अध्यक्ष घरी आले आणि चहा संपेपर्यंत घुटमळत राहिले. मग म्हणाले, "काका, दिवाळीचा प्रोग्रॅम आहे, फॅमिली क्राउड असतो. संडास जरा कॅन्सल करता येईल का?"

"का? तुमच्या फॅमिलीत कोणी जात नाही?"

अध्यक्ष गेले. मग राणीचा प्रश्न. मंडळातली एकही बाई राणी व्हायला तयार होईना. सगळ्यांचं एकच: ऐन दिवाळीत मुंडकं कोण उडवून घेणार? अभद्र नाही का? शेवटी काकांनी स्टेजवर एक रिकामी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर काकूंच्या लग्नातला शालू टाकला. ती राणी. मी आजवर पाहिलेल्या राण्यांमध्ये तीच सगळ्यात चांगली. एकदाही वाक्य विसरली नाही.

माझी तुमान काकूंनी जुन्या पडद्याची शिवली, आत उशीचा कापूस भरला. पायात बायकांच्या दुकानातले काळे मोजे. गळ्याभोवतीची झालरीची कॉलर कॉफी फिल्टर एकात एक शिवून केलेली. ती घालून मी आरशात पाहिलं तेव्हा मला कळलं की त्या सरदाराचं चित्र कोणी का ठेवलं नाही.

आणि राजाचा पेजर. आमचा पुणेरी राजा एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरांची राखण करायचा. ते बंद पडले की याच्या कमरेला पेजर वाजायचा आणि याने असेल तिथून फोन करायचा. काका म्हणाले, "स्टेजवर पेजर नको. काढून ठेव."

"काका, पेजर काढला तर व्हिसाही काढून घेतील."

नोकरी गेली की व्हिसा गेला; त्या वर्षी ही थट्टा नव्हती. पेजर झग्याच्या आत राहिला.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता, हायस्कूलचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन. हॉल भरला. मी म्हणेन लाख माणूस, तुम्ही तीनशे धरा. चिवड्याचा वास, पोरांचा इंग्लिशमधला गोंगाट, पहिल्या रांगेत साड्या. मी विंगेत मोजे वर ओढत होतो, तेवढ्यात काकू आल्या.

"आली."

"कुठाय?"

"शेवटच्या रांगेत. त्या लाल एक्झिटच्या पाटीखाली. कोट काढलेला नाही."

काका शेजारीच प्रॉम्प्टरच्या स्टुलावर स्क्रिप्ट घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. फक्त पान उलटलं, आणि ते पुन्हा मागे उलटलं.

पडदा उघडला. राजा आइस बॉक्सवर बसलेला, मी फडकं घेऊन उभा. मी पुढे झालो आणि सगळ्या तालमी, सगळ्या शिव्या विसरून कडक मुजरा केला. एक नाही, तीन. विंगेतून दात खाल्ल्याचा आवाज आला. पण हॉलमध्ये टाळ्या! राजाने मान डोलावून मुजरा स्वीकारला, तोही विसरला होता. मग त्याने कुंथण्याचा अभिनय सुरू केला आणि मी त्याला राज्यकारभाराच्या गोष्टी सांगू लागलो. फॅमिली क्राउड असा काही हसला की लहान मुलांना बाहेर न्यावं लागलं. तेही थोरांचं हसणं आवरेना म्हणून.

अंक संपला. काकू: "कोट अंगातच आहे."

दुसरा अंक घोड्याचा. घोडा फ्रिजच्या खोक्याचा होता. राजाने मला स्वतःचा घोडा दिला, मी त्यावर चढून, म्हणजे त्यात शिरून, राजाचे उपकार मानणारं लांबलचक स्वगत म्हटलं. मी त्या दिवशी काय बोललो असेन! लंडनच्या चिमण्या खिडकीत येऊन बसल्या असतील. मराठी प्रेक्षकाला एखादा तुकडा आवडला की तो 'वन्स मोअर' ओरडतो आणि नटाने तो तुकडा पुन्हा म्हणायचा, ही आपली जुनी रीत. ओरडा आला. मी पुन्हा म्हटलं. परत ओरडा आला. मी परत म्हणायला तोंड उघडलं तर विंगेतून काकांचा घोगरा आवाज आला, "हॉल सहापर्यंतच आहे, राक्षसा!" शेवटच्या रांगेतसुद्धा तो ऐकू गेला असणार. कारण तिकडून कोणीतरी हसलं. एकच माणूस, एकदाच.

काकू: "कोट आहेच. पण बटणं सोडलीत."

तिसरा अंक. राजा आणि मी दोघंही घोड्यांत. लंडनचा रस्ता. राजाने डोळे वटारले, "सरदार! तुझं आणि राणीचं..." आणि त्याच्या पोटातून किर्र किर्र आवाज आला.

पेजर.

राजाने झगा वर करून पाहिलं. त्या वर्षी नोकरी गेलेली माणसं आम्ही रोज बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं. पण पुणेरीच तो. हात वर करून म्हणाला, "सरदार, राज्यावर संकट आलं आहे. आम्ही निस्तरून येतो." आणि घोड्यासकट, मुकुटासकट, बाजूच्या दाराने पार्किंग लॉटमध्ये गेला. तिथे फोनला रेंज होती.

मी एकटा. शेजारी रिकामी खुर्ची. समोर लाख माणूस. मी काय केलं असेल? बोलत सुटलो. घोड्याशी बोललो, राणीशी बोललो, लंडनमधली संत्री नागपूरच्या मानाने किती लहान ते सांगितलं. त्या वेळी माझ्या तोंडातून काय निघेल याचा मलाच भरवसा नव्हता. आणि मग विंगेत स्टूल सरकल्याचा आवाज आला.

काका स्टेजवर आले. करडा स्वेटर, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात काही नाही. स्क्रिप्ट स्टुलावरच राहिली होती. त्यांनी खुर्चीवरचा शालू उचलला, स्वतःच्या खांद्यांवर घेतला, आणि राजा झाले. कोणी हसलं नाही.

"कबूल कर," ते म्हणाले. "एक वाक्य बोल आणि घरी जा."

माझं उत्तर मला झोपेत पाठ होतं. "महाराज, तुमचं मीठ खाल्लंय," मी सुरुवात केली, आणि तिथेच थांबलो. कारण ते खरंच खाल्लं होतं. त्या माणसाच्या बेसमेंटमध्ये मी उन्हाळ्यापासून झोपत होतो. त्याच्या टेबलावर जेवत होतो. त्याच्या बायकोने शिवलेल्या तुमानीत उभा होतो. माझ्या आयुष्यात मी हजार खोटी वाक्यं मोठ्या आवाजात बोललो, आणि हे एक खरं वाक्य मला बोलता येईना. कसाबसा म्हणालो, "तुमचं मीठ खाल्लंय. ते मरेपर्यंत विसरणार नाही. पण ती निर्दोष आहे. तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही."

आता राजाने म्हणायचं होतं, "घेऊन जा याला." आणि मी मरायला जायचं होतं.

काका म्हणेनात.

प्रॉम्प्ट देणारा माणूस स्टेजवर असल्यावर प्रॉम्प्ट कोण देणार? मी ओठांनी सांगितलं, घेऊन जा, घेऊन जा. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे, लांब, लाल पाटीकडे बघत होते.

मग ते बोलले. ओरडले नाहीत. तो आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"माझं चुकलं. तुझं काम मी हलकं म्हणालो. ते हलकं नव्हतं. मला माफ कर."

हॉलमध्ये कोणाला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. नाटकातला राजा बोलतोय असंच सगळे समजले. आणि तेवढ्यात, विंगेतून, एका बाईचा खणखणीत आवाज आला:

"वन्स मोअर!"

काकूंनी हे जन्मभर नाकारलं. त्या म्हणायच्या, पहिल्या रांगेतली कोणीतरी असेल. मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत तुम्हाला एव्हाना कळली असली तरी सांगतो, तो आवाज काकूंचा होता. एकदा आवाज निघाला की रीत ती रीत. सगळ्या हॉलने उचलून धरलं: वन्स मोअर! वन्स मोअर! ज्या माणसाला एवढ्या वर्षांत एकदा माफी मागता आली नव्हती, त्याला तीनशे मराठी माणसांनी ती पुन्हा मागायला लावली. काकांनी शालू सावरला आणि पुन्हा म्हटलं. शब्द न शब्द तेच. या वेळी जरा मोठ्याने.

मग मी मेलो. फार सुंदर मेलो, पण ते आज बाजूला ठेवतो. पडदा पडता पडता बाजूच्या दारातून मुकुट आत आला. "सर्व्हर चालू झाला! राज्य वाचलं!" राजा ओरडला आणि त्यालाच सगळ्यात मोठी टाळी मिळाली. पुणेरी माणसाचं नशीब. त्याची नोकरी राहिली, आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच्या हाताखाली माणूस हवा होता तेव्हा त्याने माझं नाव सांगितलं. सरदाराची नेमणूक शेवटी राजानेच केली. आज माझं घर आहे, अंगणात लिंबाचं झाड आहे, ते हिवाळ्यात आत घ्यावं लागतं. कोणी बॅग घेऊन दारात आलं की माझी बायको आधी विचारते ते वाक्य तिने काकूंकडून घेतलंय. ती राणीची मुलगी उपकार विसरली नाही म्हणतात. माझ्याकडे द्यायला दरबार नाही. म्हणून हे लिहिलं.

आमचा ग्रीनरूम म्हणजे शाळेच्या बँडची खोली होती. ड्रम, तुताऱ्या आणि मध्ये स्टुलावर काका. शालू तसाच खांद्यांवर. काकू दाराकडे बघत, राजा चकल्या खात, मी मोजे काढत.

दारात ती उभी राहिली. उंच, काकांसारखीच. कोट हातावर टाकलेला.

तिने आधी माझ्याकडे बघितलं. "ही कॉलर त्या काळात नव्हती," ती म्हणाली. तिचं मराठी जपून टाकलेल्या पावलांसारखं होतं. "नंतरची आहे. बरीच नंतरची."

"कॉफी फिल्टर आहेत," मी म्हणालो.

"ते दिसतंय."

ती काकांपाशी गेली. काकांनी तोंड उघडलं, पण ज्या तोंडाने बॉयलर विझायचा त्यातून वाफसुद्धा निघेना. तिने त्यांच्या खांद्यांवरून शालू काढला, एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं घेऊन मागे सरकली, आणि ते दोघं घडी घालायला लागले. एक घडी झाली. दुसरी झाली. टोकं जुळवायला ती जवळ आली तेव्हा काकांनी विचारलं, "कसं झालं?"

"राजाने माफी मागितली नव्हती, बाबा," ती म्हणाली.